तुम्हाला पास व्हायचं नाहीये

पत्राचा सारांश : वाचकाचं वय २६. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, दोन खोल्यांचं घर, घरात आई-बाबा, आजी आणि धाकटा भाऊ. पुण्यातल्या एका कंपनीचं हिशेबाचं काम ते घरी बसून लॅपटॉपवर करतात. जन्माच्या दाखल्यावर मुलगी अशी नोंद आहे, पत्र मात्र सगळं 'मी आलो, मी बसलो' असं लिहिलेलं आहे. कॉलेजात असल्यापासून आपण पुरुष आहोत ही जाणीव पक्की होत गेली. धीर करून एका डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी "लग्न झालं की डोक्यातलं सगळं निघून जाईल" म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. आता इंटरनेटवर एक सेवा सापडली आहे : चाळीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल आणि त्याच दिवशी 'जीआयडी सर्टिफिकेट', म्हणजे जन्माच्या नोंदीहून लिंगओळख वेगळी (ट्रान्स) असल्याचं, उपचारांसाठी लागणारं तज्ज्ञाचं पत्र. टेलिग्रामवर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घरपोच पाठवणाराही एक जण भेटला आहे. हे सर्टिफिकेट चालतं का, खोटं नाव दिलं तर चालेल का, नकार मिळू नये म्हणून कॉलवर काय उत्तरं द्यायची आणि घरी कळू न देता सगळं उरकता येईल का, हे त्यांचे प्रश्न. पुढे लिहिलंय, "लहानपणी मी भातुकली खेळायचो, फ्रॉक घालायचो, मला काही वाटायचं नाही. मग मी खरा ट्रान्स आहे की डोक्यानं घेतलंय?" बीडच्या ललित साळवेंच्या लिंगबदल शस्त्रक्रियेची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आई "सुटला बिचारा" म्हणाली होती, "पण ते दुसऱ्याचं लेकरू होतं," असंही आहे. आणि शेवटी एकच ओळ : "दिवाळीनंतर मला बघायला येणार आहेत."

उत्तर :

सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करते. बघण्याचा कार्यक्रम तुम्ही जाता जाता सांगितलाय, पण बाकीच्या सगळ्या प्रश्नांना घाई लागलीय ती त्याच्यामुळेच, असं मला वाटतं. आधी डॉक्टरचा कागद हातात हवा, तो असला तरच लग्नाला नाही म्हणता येईल, असं काहीसं गणित तुमच्या मनात दिसतं. मला ते पटत नाही. सज्ञान माणसाला लग्नाला नकार द्यायला निदान लागत नाही. "मला आत्ता लग्न करायचं नाही, कुणाला बोलावू नका" एवढं पुरतं. का म्हणून विचारलं तर "माझी तयारी नाही" हे उत्तर शंभर टक्के खरं आहे. त्यासाठी स्वतःची सगळी गोष्ट उलगडून सांगायची गरज नाही.

हे बोलणं सोपं आहे असं मी म्हणत नाही. रडारड होईल, आजीची तब्येत पुढे केली जाईल, "कुणी आहे का मनात?" असं विचारलं जाईल. म्हणूनच पाहुण्यांना निरोप जायच्या आधी बोला. पोह्यांची तयारी झाल्यावर दिलेला नकार घरच्यांना अपमान वाटतो, महिनाभर आधी दिलेला हट्ट वाटतो, आणि हट्ट घरं पचवतात. आधी एकाशीच बोला, सगळ्यांना एकत्र बसवून नको. भावाबद्दल तुम्ही लिहिलंय की तो तुमचं ऐकतो. निदान लग्न नको या मुद्द्यावर तरी त्याला आधी आपल्या बाजूला घ्या. आणि "एकदा करून तर बघू" हा विचार अगदी थकलेल्या रात्रीसुद्धा मनात येऊ देऊ नका. त्यात तुमच्याबरोबर एका अनोळखी मुलाचंही आयुष्य अडकेल, आणि त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसेल.

ही तारीख बाजूला झाली की बाकीच्या गोष्टींना हवा तेवढा वेळ मिळतो. तो त्यांना द्यायलाच हवा.

आता कॉलवर काय उत्तरं द्यायची ते. हा प्रश्न मला फार जण विचारतात. अमुक म्हणा, तमुक लपवा, लहानपणापासून मुलांसारखं राहायचो असंच सांगा, अशा तयार उत्तरांचे मेसेज फिरतात हेही मला माहीत आहे. पूर्वी डॉक्टर खरोखरच दारावरच्या पहारेकऱ्यासारखे वागायचे, ठरावीक साच्यातली गोष्ट सांगणाऱ्यालाच पुढे सोडायचे, त्यातून ही सवय लागली. तुमच्या वाट्याला आलेला डॉक्टर तर त्याहून वाईट होता, तेव्हा तुम्हाला भीती वाटणं अगदी साहजिक आहे. पण दरम्यान बरंच बदललंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगनिदानाच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत ट्रान्स असण्याची बाब मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली गेली, आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आपण आतून जे आहोत आणि जन्माच्या वेळी जी नोंद झाली यांच्यातली ठळक आणि टिकून राहिलेली विसंगती, एवढंच त्यात पाहिलं जातं. फक्त वागण्याच्या किंवा आवडीनिवडीच्या जोरावर हे निदान करू नये, असंही तिथं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे भातुकली खेळल्यामुळे तुम्ही बाद होत नाही, आणि क्रिकेट खेळणारी प्रत्येक मुलगी ट्रान्सही ठरत नाही. कुणाला पाचव्या वर्षी कळतं, कुणाला वयात येताना, कुणाला तिशीत. फ्रॉक घालून मजेत फिरणारी आणि पुढे ट्रान्स मॅन म्हणून समाधानानं जगणारी माणसं मला माहीत आहेत.

त्या 'खरा की खोटा' वरून आणखी एक. तुम्ही इंटरनेटवर प्रश्नावली सोडवलीत आणि गुण चांगले पडले म्हणून हायसं वाटलं, असं लिहिलंय. त्या गुणांना निदान म्हणून काहीच किंमत नाही. पण हायसं वाटलं याला आहे. ही गोष्ट समुपदेशकाला जरूर सांगा.

नीट केलेल्या मूल्यमापनात साधारण काय होतं ते सांगते, म्हणजे परीक्षेची धास्ती कमी होईल. ही जाणीव कधीपासून आहे आणि मधल्या काळात कशी बदलली, हे विचारतात. कशाचा त्रास होतो : पाळीचा, छातीचा, आवाजाचा, की लोक ताई म्हणतात त्याचा? प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं आणि पुढचे उपचार त्यावरच ठरतात. कुणाला हार्मोन हवे असतात पण शस्त्रक्रिया नको, कुणाला फक्त टॉप सर्जरी, म्हणजे छातीची शस्त्रक्रिया, हवी असते, कुणाला यातलं काहीच नको असतं, फक्त नाव आणि वावर बदलला तरी जीव निवांत होतो. उदासी, चिंता, झोप, स्वतःला इजा करण्याचे विचार यांची चौकशी होते. घरी कोण साथ देणारं आहे, पुढे स्वतःचं मूल हवं का, औषधांनी काय बदलेल आणि काय बदलणार नाही याची कल्पना आहे का, हे सगळं बोलणं होतं. उदासी आहे असं सांगितलं तर नाकारतील या भीतीनं पुष्कळ जण ती लपवतात. उदासी असली म्हणून वाट बंद होत नाही. तिच्यावरही उपचार सुरू होतात, बहुतेक वेळा बरोबरीनंच. लपवली तर मात्र पहिल्या काही महिन्यांत, शरीर बदलत असताना आणि घर पेटलेलं असताना, सांभाळायला कुणी नसतं.

म्हणून तुमच्या शंका सोबत घेऊन जा. "मला खात्री वाटते पण रात्री भीती वाटते", "दाढी हवी पण टक्कल पडेल का याची धास्ती वाटते", "आई गमावेन का?" हे सगळं तिथं मांडण्यासाठीच आहे. घोकलेली उत्तरं ऐकवलीत तर समोरचा माणूस सल्ला देईल तो त्या घोकलेल्या माणसाला, तुम्हाला नाही.

आता चाळीस मिनिटांची सेवा. ऑनलाइन आहे म्हणून मी तिला नाव ठेवत नाही. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला व्हिडिओ कॉल हा मोठा आधार आहे, आणि तो कायदेशीरही आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर तपासू शकतात, औषध लिहू शकतात. व्हिडिओवर भागेल की प्रत्यक्ष यावं लागेल, हे ठरवण्याची जबाबदारी डॉक्टरवर आहे. त्याच सूचनांत असंही आहे की सल्ला निनावी असता कामा नये : डॉक्टरला पेशंट कोण ते कळलं पाहिजे आणि पेशंटला डॉक्टर कोण ते. तेव्हा खोटं नाव देऊ नका. खोट्या नावाचं पत्र उद्या कुठलाही सर्जन हातात धरणार नाही. दाखल्यावरचं नाव कागदासाठी द्या आणि बोलताना कोणत्या नावानं हाक मारायची ते पहिल्याच मिनिटाला सांगा. चांगला डॉक्टर ते लिहून ठेवतो आणि पाळतो. बोलणं बाहेर जाईल ही भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुमची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलंय. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर घरच्यांनी फोन केला तरी ती सांगता येत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. कॉल व्हायच्या आधीच निकाल ठरलेला आहे, पैसे भरले की पत्र. ज्यांनी तुम्हाला अजून पाहिलंही नाही ते तुमच्याबद्दल काय लिहिणार? पैसे भरण्यापूर्वी त्यांना फोन करून विचारा : सही कोण करणार, त्यांची पदवी काय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा किंवा ज्या राज्यात नोंदणी असेल तिथला क्रमांक काय? मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेला डॉक्टर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. 'लाइफ कोच' किंवा 'जेंडर एक्स्पर्ट' अशा पाटीवर कुठलंही रुग्णालय पत्र घेत नाही. किती भेटींनंतर पत्र देता, पुढे अडचण आली तर परत भेटता का, एखाद्याला 'अजून थोडं थांबू' असं कधी म्हणता का, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर फोन ठेवा.

पत्र किती लागतात याबद्दल बराच गोंधळ आहे. ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निकष जगभर वापरले जातात. २०२२ च्या आठव्या आवृत्तीत त्यांनी प्रौढांसाठी, जिथं पत्र लागतं तिथं, एक पुरे असं म्हटलं. आपल्याकडे मात्र शस्त्रक्रियेसाठी दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांची पत्रं मागणारे सर्जन भरपूर आहेत, आणि त्यातलं एक मानसोपचारतज्ज्ञाचंच, प्रत्यक्ष भेटीनंतरचं हवं असं सांगणारेही. म्हणून उलट्या टोकानं चला. ज्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे, किंवा सर्जनकडे जायचा विचार आहे, त्यांच्याकडे आधी चौकशी करा की कोणाचं पत्र चालतं. मग ते घ्यायला निघा. नाहीतर भरलेले पैसे वाया जातात आणि मन खचतं ते वेगळंच.

टेलिग्रामवरच्या इंजेक्शनांबद्दल मी ठामपणे सांगते, मागवू नका. कुपीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, ही भीती आहेच. पण औषध अस्सल असलं तरी टेस्टोस्टेरॉननं रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, प्रमाणाबाहेर वाढल्या की रक्त घट्ट होतं, गुठळीचा धोका येतो. म्हणूनच सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, यकृत, चरबी, साखर पाहतात, आणि पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासून मात्रा ठरवतात. जास्त घेतलं की लवकर दाढी येते, हा समज चुकीचा आहे. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते : पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे, आणि गर्भारपणात ते अजिबात घ्यायचं नसतं.

आता गुपचूप उरकण्याचं. औषध बंद केलं तर चरबीची ठेवण, स्नायू, पाळी बऱ्यापैकी पूर्वपदावर येतात. आवाज येत नाही. तो पहिल्या काही महिन्यांतच फुटायला लागतो आणि एकदा खाली गेला की तिथंच राहतो. दाढी-मिशांच्या केसांचंही तसंच. दोन खोल्यांच्या घरात, सकाळी आजीला चहा देताना, दुपारी कंपनीच्या मीटिंगमध्ये, तुम्ही तो आवाज कुठे लपवणार? 'घसा बसलाय' हे कारण किती आठवडे पुरणार? घरी कळल्याशिवाय हार्मोन पूर्ण करता येतील, ही कल्पना सोडून द्या. पर्याय उरतात ते असे : आधी सांगून मग सुरू करणं, आधी बाहेर राहायला जाऊन मग सुरू करणं, किंवा सध्या औषध न घेता बाकीचं सगळं करत राहणं.

तुमच्या परिस्थितीत मला मधला मार्ग बरा वाटतो, आणि त्याची तयारी करताना तिसरा. कंपनी पुण्याची आहे, पगार तुमच्या नावावर येतो. कार्यालयात बसून काम करायची सोय मागून पुण्यात खोली घेणं तुमच्या आवाक्यात आहे. घरच्यांनाही नोकरीसाठी पुण्याला जाणं पटण्यासारखं आहे. जायच्या आधी पगाराचं खातं फक्त तुमच्या नावावर आहे ना, मेसेज बाबांच्या मोबाइलवर जात नाहीत ना, हे पाहून घ्या. आधार, पॅन, दहावी-बारावीची आणि पदवीची मूळ कागदपत्रं आपल्याजवळ ठेवा. वादाच्या रात्री कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हातात असली तर फार अडचण होते.

तोपर्यंत समुपदेशन ऑनलाइन सुरू करता येईल. घरात जागा नसेल तर गच्ची, मैत्रिणीची खोली, गावाबाहेर उभी केलेली गाडी, जिथं दार लावता येईल अशी कुठलीही जागा चालते. हेडफोन लावा, म्हणजे समोरच्याचं बोलणं तरी बाहेर जाणार नाही. पहिल्या भेटीत समुपदेशकाला सांगून ठेवा की कुणी आत आलं तर तुम्ही 'हो सर, फाइल पाठवतो' म्हणाल आणि त्यांनी थांबायचं. काही जण लिहून बोलायचीही सोय देतात. यूपीआयवरचं नाव, लॅपटॉपवर उघडं राहिलेलं पान, भावाच्या फोनशी जोडलेले फोटो, गोष्ट बहुतेक वेळा अशाच ठिकाणाहून फुटते. रक्ताच्या तपासण्या गावातल्या लॅबमध्ये करू नका. तिथला माणूस बाबांच्या ओळखीचा निघतोच. लातूर किंवा पुण्याला जाऊन करा.

मिळून एक रस्ता असा दिसतो : बोलणं व्हिडिओवर, काही भेटी निवांत. मग एकदा पुण्याला जाऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टची प्रत्यक्ष तपासणी आणि रक्त. मूल हवंय का या प्रश्नावर औषधाच्या आधीच डॉक्टरांशी बोलणं, कारण स्त्रीबीजं जतन करायची तर ते आधी करणं सोपं. पुढच्या भेटी पुन्हा व्हिडिओवर. खर्च झेपत नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात कमी पैशांत तपासणी होते. तिथं माणूस कसा भेटेल याची हमी नाही, म्हणून जायच्या आधी एखाद्या संस्थेला विचारा. ट्रान्स आणि समलिंगी लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट मुंबईत १९९४ पासून आहे, पुण्यातही अशा संस्था आहेत. कोणता डॉक्टर नीट वागवतो ही माहिती अशा ठिकाणीच खरी मिळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथं तुमच्यासारखी माणसं भेटतात. तुम्हाला आजवर 'तो' म्हणून कुणीही हाक मारलेली नाही. ती एकदा ऐकून बघा. दोन-चार जणांच्या गटात, फोनवर का होईना, काही आठवडे तुमच्या निवडलेल्या नावानं वावरा. ते कसं वाटतं, त्यातून तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही प्रश्नावलीतून कळायचं नाही.

छाती दाबायला क्रेप बँडेज गुंडाळता असं लिहिलंय, ते आजपासून बंद करा. बँडेज श्वासाबरोबर घट्ट होत जातं, बरगड्यांना इजा होते. मापाचा बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा खास कपडा) किंवा घट्ट स्पोर्ट्स ब्रा वापरा, आठ तासांच्या वर नको, झोपताना तर नकोच.

त्या डॉक्टरांच्या 'लग्न झालं की जाईल' बद्दल. माणसाची लिंगओळख उपचारांनी बदलून टाकण्याचा प्रयत्न करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलं, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. कुणी शॉक, 'सुधारणा', संमोहन असलं काही सुचवलं तर उठून यायचं. पैसे परत मागत बसू नका, आधी बाहेर पडा.

आता आई. पत्रात तुम्ही तिचं वाक्य लिहिलंत आणि लगेच खोडूनही टाकलंत. ललित साळवे हे बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई. रजेच्या परवानगीसाठी त्यांना झगडावं लागलं आणि २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली. सगळ्या मराठवाड्यानं ती बातमी पाहिली. तुमच्या आईनंही पाहिली, आणि 'शोभत नाही' किंवा 'काय थेरं ही' असं न म्हणता 'सुटला बिचारा' म्हणाली. स्वतःच्या लेकराबाबत ती असंच म्हणेल असं मी कशाला सांगू? कदाचित आधी कोसळेल. पण पुरुषाचं शरीर नसताना पुरुष असण्यात एक यातना असते, तिच्यातून सुटका होऊ शकते, एवढं त्या बाईला कुणी न शिकवता कळलंय. पुष्कळ घरांत इथपर्यंत पोचायलाच वर्षं जातात. पुण्यात पाय टेकल्यावर, हार्मोन सुरू करण्याच्या आधी, आधी तिलाच सांगावं असं माझं मत आहे. समोरासमोर सांगा, बाबा घरात नसताना, आणि परत जायचं तिकीट काढलेलं असताना. ती बातमी आठवते का, इथून सुरुवात करता येईल. सांगितल्यावर लगेच होकार मागू नका. तुम्हाला स्वतःशी मान्य करायला इतकी वर्षं लागली, तिला निदान काही महिने द्या.

आणि जर मारहाण होण्याची, कोंडून ठेवण्याची शक्यता वाटत असेल, तर यातलं काहीही सांगू नका, आधी बाहेर पडा. तुम्ही सज्ञान आहात. तातडीच्या वेळी ११२, मन फार खालावलं तर टेली-मानसचा १४४१६, तिथं मराठीत बोलता येतं. घराबाहेर पडावं लागलेल्या ट्रान्स व्यक्तींसाठी केंद्र सरकारच्या योजनेतून 'गरिमा गृह' निवारे चालतात. प्रवेशाची चौकशी वर सांगितलेल्या संस्थांमार्फत करा.

कागदपत्रांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण जीआयडी सर्टिफिकेट आणि सरकारी ओळखपत्र यांची गल्लत सगळीकडे होते म्हणून थोडक्यात. डॉक्टरचं पत्र उपचारांसाठी. जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर ओळखपत्र ही वेगळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, मग ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला. २०२० च्या नियमांनी या ओळखपत्रासाठी राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र मागितलं, वैद्यकीय तपासणी नाही. शस्त्रक्रियेनंतर 'पुरुष' किंवा 'स्त्री' अशी नोंद हवी असेल तर मात्र रुग्णालयाचा दाखला मागितला. कायदे आणि नियम बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी काय लागू आहे ते संस्थेतल्या माणसाकडून समजून घ्या. ओळखपत्राचा फायदा मोठा आहे : २०२२ मध्ये आयुष्मान भारतच्या 'टीजी प्लस' योजनेत हार्मोन आणि शस्त्रक्रियेसह वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण जाहीर झालं, ते या ओळखपत्राला जोडलेलं आहे. पण जिल्हा कार्यालयातून पडताळणीचा फोन किंवा माणूस घरी येऊ शकतो. तुमच्यासारख्यांनी पत्ता आपला झाल्यावरच या कामाला हात घालावा.

हे वाचणाऱ्या ट्रान्स स्त्रियांसाठी एक गोष्ट जोडते, कारण तिथली चूक जिवावर बेतू शकते. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला तीन-चार घेणाऱ्या मुली मला भेटतात. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेननं, त्यातही सिगारेट ओढणाऱ्यांच्या, पायात आणि फुप्फुसात गुठळ्या होऊ शकतात. तज्ज्ञ यासाठी दुसरं इस्ट्रोजेन देतात आणि मोजून देतात. पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा दम लागला तर कुणाला काय कळेल याचा विचार न करता रुग्णालय गाठा आणि काय घेत होता ते खरं सांगा. आणि अठराच्या आतल्या वाचकांनो, तुमच्या औषधोपचारांचा निर्णय पालकांशिवाय होत नाही, पण बोलायला वयाची अट नाही. चाइल्डलाइनचा १०९८ तुमच्यासाठीच आहे.

तुम्ही या आठवड्यात करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. भावाशी लग्नाबद्दल बोलणं, आणि एका समुपदेशकाला मेल. मेल लांबलचक नको : "मी २६ वर्षांचा आहे, जन्माच्या दाखल्यावर मुलगी अशी नोंद आहे, माझ्या ओळखीबद्दल मला बोलायचं आहे. तुम्ही ट्रान्स व्यक्तींबरोबर काम करता का? घरात कुणाला माहीत नाही, म्हणून आधी मेसेज केल्याशिवाय फोन करू नका." बाकीचं त्यांना भेटल्यावर सांगा, भातुकलीसकट.